आतून कडी

कडी लागली. आवाज म्हणावा तर केवढासा. कालच संध्याकाळी ती मी स्वतः स्क्रू पिळून बसवली होती, पुन्हा पुन्हा फिरवून बघितली होती, तेव्हा आवाज मला नवा नव्हता. नवं एवढंच की आज ती आतून लागली आणि मी बाहेर राहिलो. कृतिका टॉवेल खांद्यावर टाकून माझ्यासमोरून गेली, बाथरूमच्या दारात थांबली आणि म्हणाली, "प्रफुल्ल, आत कसलाही आवाज आला तरी उघडायचं नाही. लागलंच तर मी हाक मारीन." मी मान डोलावली. ती म्हणाली, "मान नको डोलवूस, तोंडानं बोल." मी म्हणालो, नाही उघडणार. मग तिनं दार लावलं. मी पलंगाच्या कडेवर बसलो, उठलो, पुन्हा बसलो आणि खिशातलं नाणं मुठीत घट्ट धरलं. कारण ही नुसती कडी नव्हती. बाहेरच्या अंगाला तिला एक खाच होती; नाणं घालून फिरवलं की दार उघडतं. दुकानदार तिला लॉक म्हणत होता, आमच्या घरात ती कडीच. खाच असलेलीच घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कृतिकालाही ते माहीत होतं. म्हणजे दार तिनं लावलं होतं आणि ते न उघडण्याचं काम माझ्याकडे होतं.

आमच्या घरात चार वर्षांत कुणी आतून कडी लावलेली नाही. कळव्याच्या गावठाणात तीन मजल्यांचं घर, खाली आई, मधे दादा आणि सरोजवहिनी, वर आम्ही दोघं. गच्चीवरून समोर टॉवर दिसतात, तिथं आजोबांचं मिठागर होतं. जमीन गेली, गाळे आले, गाळ्यांची भाडी यायला लागली आणि मी रिकामा झालो. म्हणून तर बायकोवर नजर ठेवायला मला अख्खा दिवस मिळाला. कृतिकाला फिट येतात असं ठरल्यावर आईनंच हुकूम सोडला, पोर कुठंही पडेल, आतून लागणारं घरात काही ठेवायचं नाही. सुतार आला आणि तिन्ही मजल्यांवरच्या कड्या, बोल्ट, सगळं काढून गोणीत भरून गेला. भोकांत लांबी भरली. मग आम्ही आपापल्या युक्त्या काढल्या. गळ्यात बोटाएवढी चेन घालणारा, गाववाल्यांना दम देणारा माझा दादा आंघोळीला गेला की मोठमोठ्यानं आरत्या म्हणू लागला, आत माणूस आहे हे कळावं म्हणून. गणपती असोत नसोत, आमच्याकडे रोज सकाळी आरती. वहिनी दाराच्या मुठीला ओढणी बांधायची. आई नुसती खोकायची. कृतिकाच्या वेळी मात्र आरती नाही, ओढणी नाही. ती आत गेली की पाठोपाठ कुणीतरी जायचंच. बहुतेक मी, मी नसलो तर आई, आई देवळात गेली असली तर वहिनी. आत एक प्लॅस्टिकचं स्टूल होतं, त्यावर बसायचं आणि तिची आंघोळ होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलत राहायचं. चार वर्षं ती कुणा ना कुणासमोर अंगावर पाणी घेत आली. तिनं कधी तक्रार केली नाही. आम्हाला वाटलं, बरं चाललंय.

आत नळ सुरू झाला. बादली रिकामी असताना पाणी पडलं की वेगळं वाजतं, भरत आली की वेगळं. मी ऐकत राहिलो. कानानं माणूस राखायची कला मला चांगली साधली होती. स्वयंपाकघरात पळी पडली तर ती हातातून निसटली की तिच्यासकट बाई पडली, हे मी खालच्या मजल्यावरून सांगायचो. फिट येण्याआधी कृतिका डाव्या हाताचा अंगठा मुठीत घेते, तिचं बोलणं सावकाश होतं, नजर भिंतीच्या मधोमध कुठेतरी अडकते. तेवढ्यात मी पोचायचो. डोकं मांडीवर, खांदे घट्ट धरून. बायका म्हणायच्या, नवरा असावा तर असा. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं. मला दुसरं काही फारसं जमलेलं नाही, पण बायकोला मी जमिनीवर पडू देत नव्हतो. एकदाच पडली, याच बाथरूममध्ये. फोन आला म्हणून मी स्टुलावरून उठलो होतो. नळाची तोटी भुवईवर लागली. ती खूण अजून आहे, आणि ती टिकली लावताना आरशात वाकली की माझं लक्ष कपाळाच्या मधे न जाता भुवईकडेच जातं.

पहिल्यांदा आलं ते चुलतभावाच्या हळदीत. आमच्याकडची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. मांडवात बेंजो, स्पीकरच्या भिंती, पोरं घामानं आणि हळदीनं पिवळी झालेली. लग्नात धवले गाणारी भीमाबाई म्हातारी नवऱ्यामुलाजवळ बसून आपलं गाणं म्हणत होती आणि बेंजोत ते कुणालाच ऐकू जात नव्हतं. कृतिका ताट घेऊन उभी होती. ताट पडलं, मग ती पडली, पाठीची कमान झाली, मान इकडून तिकडे, डोळे गच्च मिटलेले. बेंजो थांबला. भीमाबाई उठली, वाकली आणि म्हणाली, देवी आली. कुणालाही शंका आली नाही. मांडवात हळद-कुंकू होतंच, नारळ होता, खण होता. माझ्या बायकोची तिथल्या तिथं ओटी भरली. आईनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि विचारलं, "काय चुकला गं आई आमचा?" देवीच्या डोळ्यांतून नुसतं पाणी आलं. त्यावरून सगळ्यांनी ताडलं की मिठागर विकलं त्याचा तिला राग आहे. त्यानंतर दोनदा आलं, दोन्ही वेळा आईनं सुनेचे पाय धरले. डोंबिवलीजवळच्या तिच्या माहेराहून बायका दर्शनाला आल्या. कृतिका वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत नोकरीला होती, तिथं ती हळदीनंतरच्या सोमवारी गेली तेव्हा हाताला हळद होती आणि तिनं कुणाला काही सांगितलं नाही. मग तिथं जिन्यावर आलं. तिथल्या लोकांना देवी ठाऊक नव्हती, त्यांनी कांदा फोडून नाकाला लावला आणि रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. देवीची फिट झाली. नोकरी सुटली, गोळ्या सुरू झाल्या, गोळ्या आहेत तोवर मूल नको असंही सांगितलं गेलं. आईनं पाया पडणं थांबवलं आणि रोज एक सफरचंद कापून द्यायला सुरुवात केली. मला वाटतं, त्या सफरचंदाच्या काळात घरात कृतिकावर सगळ्यांचा सर्वांत जास्त जीव होता.

नळ बंद झाला. तांब्याचा आवाज, पाणी अंगावरून खाली पडल्याचा आवाज, पुन्हा तांब्या. सावकाश चाललं होतं. सावकाश म्हणजे काय, मी विचार करू लागलो. बोलणं सावकाश होतं तसं सावकाश की नुसतं निवांत? निवांत आंघोळ करताना मी तिला कधी ऐकलेलं नव्हतं.

गोळ्या वाढत गेल्या आणि येणंही वाढत गेलं. शेवटी ठाण्यातल्या एका मोठ्या इस्पितळात तिला तपासणीसाठी ठेवलं. डोक्याला वायरी चिकटवल्या, भिंतीवर कॅमेरा. माझ्या हातात एक बटण दिलं, येतंय असं वाटलं की दाबायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं अंगठा मुठीत घेतला आणि मी बटण टाकून तिलाच धरलं. नर्स धावत आली, म्हणाली, "सोडा हो, कॅमेऱ्यात नुसती तुमची पाठ येतेय." मी सोडलं. पहिल्यांदाच मी ते लांबून बघितलं, हात लोंबते ठेवून. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला पडद्यावर रेघा दाखवल्या. या खालीवर होतात त्या अंग हलल्यामुळे, त्या म्हणाल्या, पण मेंदूच्या लाटा बघा, जागेपणी असाव्यात तशाच आहेत. हिला फिटचा आजार नाही. मी हात जोडले. कृतिकानं मात्र विचारलं, "मग मला काहीच झालेलं नाही?" बाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. त्या म्हणाल्या, "झालंय. झटके खरे आहेत. तू मुद्दाम करत नाहीस, तुला ते थांबवताही येत नाहीत. मनाला जे पेलवत नाही ते कधी कधी शरीर असं बाहेर टाकतं. यावर औषध म्हणजे बोलणं. वेळ लागेल, पण बरं होतं." गोळ्या हळूहळू कमी करायच्या ठरल्या. मी विचारलं, पुन्हा आलं तर मी काय करायचं. त्या म्हणाल्या, टोकदार काही असेल ते बाजूला करा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, गर्दी हटवा, धरू नका, हळू आवाजात सांगा की मी इथं आहे. "आणि?" मी विचारलं. आणि काही नाही, वाट बघा. मी चार वर्षांत जेवढं शिकलो होतो त्यातलं तिथं काहीच उपयोगाचं नव्हतं.

घरी आल्यावर आईला सांगायला मला तासभर लागला. मन, शरीर, लाटा. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "म्हंजे सगला खोटा व्हता?" मी म्हणालो, खोटं नाही गं. वहिनी भाजी निवडत होती, ती मान वर न करता म्हणाली की टेन्शन आम्हालाही असतं, आम्ही कुठं पडतो. कृतिका जिन्यात उभी होती. तिनं ते ऐकलं हे मला दिसलं आणि मी ऐकलं हे तिला दिसलं. दुसऱ्या दिवसापासून सफरचंद बंद झालं. कुणी ठरवून बंद केलं नाही, ते राहूनच गेलं. पुढच्या वेळी तिला दिवाणखान्यात आलं तेव्हा मी सांगितल्याप्रमाणे टीपॉय सरकवला, उशी दिली, बाजूला बसलो आणि हळू आवाजात म्हणालो, मी इथं आहे. दादा दारातून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर दया नव्हती, भक्तीही नव्हती, तो बारकाईनं बघत होता. आणि मला सांगायला लाज वाटते, पण मीही बघत होतो. डोळे मिटलेले आहेत की किलकिले आहेत. हे असं बघणं मला नको होतं, पण नजर तिकडेच जात होती.

नौपाड्यात समुपदेशन करणाऱ्या आसावरी मॅडमकडे आम्ही दर आठवड्याला जायला लागलो. मी म्हणजे बाहेरच्या बाकावर. आत दार बंद, आत कृतिका, आणि दारातून फक्त पंख्याची घरघर. समोरच्या भिंतीवर आग विझवायचं नळकांडं आहे, त्याच्यावरच्या सूचना मला पाठ झाल्या आहेत. आत ती काय सांगते? हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. माझ्याबद्दल काही असेल का. मी तिच्यावर कधी हात उचललेला नाही, पण हे मी स्वतःला किती वेळा सांगतो हेही माझ्या लक्षात येतं. आईबद्दल असेल. त्या कंपनीत काही झालं असेल. की त्याच्याही आधी, माहेरी, तिच्या लहानपणी? तिच्या घरी एक काका आहे, तो आला की ती पाणी द्यायला बाहेर येत नाही. पण नुसतं पाणी न देण्यावरून मी काय काय उभं करायचं? एकदा न राहवून मी मॅडमना विचारलंच. त्या म्हणाल्या, "ते तिचं आहे. तिला वाटलं तर ती सांगेल. कदाचित नाही सांगणार." मी म्हणालो, मी नवरा आहे. त्या म्हणाल्या, हो. एवढंच. घरी येताना रिक्षात मी कृतिकाचा हात धरला होता आणि सबंध वाटेत मला असं वाटत होतं की हिच्या आत एक खोली आहे आणि तिथं ती माझ्याशिवाय राहते.

गेल्या आठवड्यात मॅडमनी मलाही आत बोलावलं. कृतिकाला विचारलं, आता तुला सगळ्यात आधी काय हवंय, ते ह्यांच्यासमोर सांग. मला वाटलं, नोकरी म्हणेल. किंवा मूल म्हणेल, त्याची तर मी तयारीही करून गेलो होतो. ती म्हणाली, "मला बाथरूमला कडी हवी आहे." मला हसू आलं. ते दोघींनाही आवडलं नाही. मग डॉक्टरीणबाईंना फोन झाला, सूचना मिळाल्या: खाचेची कडी, खाली रबरी चटई, तोटीवर स्पंज, आंघोळ बसून. स्टूल आतच राहिलं, फक्त आता त्यावर ती बसणार होती. काल मी कडी बसवत असताना आई वर आली, बघत उभी राहिली आणि म्हणाली, "परली तर?" पडली तर. मी स्क्रू पिळत राहिलो; माझ्या डोक्यातही दुसरं काहीच नव्हतं.

तांब्या वाजायचा थांबला होता. केव्हा थांबला? मी मनानं नौपाड्यात होतो तेव्हा कधीतरी. मी उठून दारापाशी गेलो. काहीच नाही. मग काहीतरी घसरलं, स्टुलाचा पाय फरशीवर करकरला, आणि बादलीवर धप्प आवाज झाला. एकदा. पुन्हा एकदा. टाच बादलीवर आपटते तेव्हा असाच आवाज येतो, मला माहीत आहे, तो आवाज माझ्या इतका ओळखीचा आहे की तो येण्याआधीच मला ऐकू येतो. मी म्हणालो, "कृतिका, मी इथं आहे." हळू आवाजात, सांगितल्याप्रमाणे. आतून काही नाही. "मी इथंच आहे," मी पुन्हा म्हणालो, आणि मला माझा रागच आला. इथं आहे म्हणजे कुठं? दाराच्या बाहेर आहे. ती फरशीवर असेल, भुवई पुन्हा फुटली असेल, आणि मी बाहेरून माझा पत्ता सांगतोय. माझा हात खाचेशी गेला. नाणं बरोबर बसलं. मी वचन दिलं होतं खरं, पण ज्याला वचन दिलं ते माणूस जिवंत तर राहायला हवं, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं, आणि मी नाणं थोडं फिरवलं.

तेव्हा तिचा आवाज आला. कण्हणं नव्हतं ते, दातखिळीतून येतो तो घशातला आवाजही नव्हता. ती रडत होती. आधी तोंडात टॉवेल कोंबल्यासारखं दबकं, मग टॉवेल काढला असावा, मोठ्यानं, गळा मोकळा सोडून. मधे श्वास घेत होती, नाक ओढत होती, पुन्हा रडत होती. मुठीनं बादलीवर मारत होती. झटका आलेलं माणूस असं नाक ओढत नाही, एवढं मलाही कळतं. नाणं खाचेतच होतं आणि माझं बोट त्यावर. मी आठवू लागलो, हिला मी रडताना कधी ऐकलं होतं. झटका ओसरल्यावर तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं, ते आम्ही पुसायचो, पण ते रडणं नव्हे. तिचे वडील वारले तेव्हा माहेरच्या घरात तिला झटका आला होता, आणि सगळे प्रेताला सोडून तिच्याभोवती जमले होते. रडली नव्हती. चार वर्षं ह्या बाईला रडायला एकटं म्हणून सोडलंच नव्हतं आम्ही. मी नाणं हळूच मागे फिरवलं आणि काढून घेतलं.

मग रडण्यात शब्द यायला लागले. ती बोलत होती. कुणाशी तरी, कुणाला तरी, तेच तेच पुन्हा, आरडाओरडा नाही, तक्रार केल्यासारखं. एखादं नाव होतं त्यात, की नव्हतं? मी दाराला कान लावला. लाकूड गार होतं. बाकावर बसून जे ऐकण्यासाठी मी तडफडलो होतो ते सगळं तिथं, तळहाताएवढ्या जाडीच्या पलीकडे होतं. थोडं श्वास रोखून उभं राहिलो असतो तर शब्द लागले असते. एक लागलाही, "तेव्हा". तेव्हा काय? मला विसरून ती बोलत नव्हती, मी तिथं आहे हे तिला माहीत होतं, मीच तर दोनदा सांगितलं होतं. तरी ती बोलत होती. म्हणजे मी ऐकणार नाही असं तिनं धरलं होतं. कडीचा अर्थ तिच्या हिशेबी एवढाच असावा. मी कान काढला. ते मला कसं जमलं हे माहीत नाही. आयुष्यात एवढं जड काही मी उचललेलं नाही. दोन पावलं मागे सरकलो, शब्द पुन्हा नुसता आवाज झाले.

जिन्यावर आईची पावलं वाजली. ती धापा टाकत वर आली, हाताला पीठ होतं. मी मधे उभा राहिलो. ती दाराकडे बघून म्हणाली, "काय झायला तिला?" मी म्हणालो, काही नाही, आंघोळ करतेय. आतून मोठ्यानं हुंदका आला. आई माझ्याकडे बघत राहिली. "मी काय भयरी हाय?" ती म्हणाली. मी पुन्हा म्हणालो, आंघोळ करतेय, आई, तू खाली जा. तिनं मला बाजूला करायला हात पुढे केला. पिठाचा हात माझ्या छातीवर टेकला आणि मी हललो नाही. एवढ्या वर्षांत मी आईची वाट कधी अडवली नव्हती. ती तशीच थांबली, आतलं ऐकत. पदरानं नाक पुसलं आणि कठडा धरून एकेक पायरी खाली उतरली. थोड्या वेळानं खालचा टीव्ही मोठा झाला.

मी पलंगावर बसलो. आतलं रडणं कमी होत नव्हतं, आणि ते कधी संपेल, संपल्यावर ती कोणत्या चेहऱ्यानं बाहेर येईल, मला काही सांगेल की ओले केस झटकत सरळ आरशाकडे जाईल, यातलं काहीच माझ्या हातात नव्हतं. मला वाटलं होतं, दाराबाहेर बसलो की निदान तिची काळजी तरी करता येईल. पण काळजी वाटत नव्हती. माझे खांदे आपोआप हलायला लागले होते, आणि मी इकडेतिकडे बघू लागलो. खाली आई होती, मधल्या मजल्यावर वहिनी, गच्चीवर कामवाल्या बाया कपडे वाळत घालत होत्या. आमच्या खोलीचं दार उघडंच होतं. त्याला लावायला काही नव्हतं. मला रडायचं होतं आणि या तीन मजली घरात त्यासाठी कुठं जायचं ते मला कळेना.